हमझाचा सायलेन्सर

१

दाजींना वळणाखालच्या व्हाळातून, खोल ओढ्यातून वर काढलं तेव्हा त्यांची काठी रस्त्यावर आडवी पडलेली होती, टॉर्च पेटलेलाच होता, आणि दाजी एकच नाव घेत होते. हमझा. इस्पितळात पोलिसांपुढे ते थोडं जास्त बोलले. सांज उतरत होती, हमझाची गाडी येताना ऐकली, आज त्याला आडवायचाच म्हणून काठी धरून वळणावर उभा राहिलो, दिवा डोळ्यांवर आला, गाडी अंगावर आली, मागे सरलो तो पाय सुटला. एवढं सांगून त्यांची वाचा बसली ती कायमची. तिसऱ्या दिवशी दाजी गेले.

आडबंदर गावात यावर कोणी शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. हमझाने बुलेट घेतली, आणि पेढे वाटायच्या आधी ओमकारच्या गॅरेजात नेऊन तिचा सायलेन्सर कापून घेतला. आतले पडदे, जाळी, सगळं काढून टाकलं आणि पोकळ नळकांडं पुन्हा जोडलं. तेव्हापासून गाडी घाटीवरून धडधडत खाली यायची आणि वळणावर वेग कमी झाला की फाट् फाट् बार काढायची. दाजींची म्हैस त्या आवाजाने पान्हा चोरायची. दाजींनी हमझाला चारचौघांत शिव्या घातल्या होत्या, हमझानेही उलट उत्तर दिलं होतं. गावाला आणखी काय हवं?

पण सगळ्यात भक्कम साक्ष दिली ती बानूने. हमझाच्या सख्ख्या आईने.

त्यात तिचा काही डाव नव्हता. दाजी जिवंत होते, फौजदार तेजस्वी गावडे दारात आल्या, "काल संध्याकाळी तुमच्या मुलाची गाडी गेली का हो?" म्हणून साधेपणाने विचारलं. बानूला वाटलं, पोरगा वेळेवर घराकडे येत होता असं सांगितलं तर त्याचं भलंच होईल. तारकर्लीच्या एका लॉजला ती तांदळाच्या भाकऱ्या पुरवायची, पण पहिली भाकरी हमझाची, हा तिचा नेम.

"गेली मां," ती म्हणाली. "मगरीबची नमाज झाली आणि आवाज इलो. माझ्या झिलाचीच गाडी. त्या आवाजावर तर मी तवो ठेवतंय चुलीर! तवो तापासर झील दारात."

फौजदारबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, तिची सही घेतली, आणि हवालदाराला म्हणाल्या, "मुलाला गाडीत बसवा."

२

दाजी गेल्यावर गुन्ह्याचं कलम बदललं. सोमवारी हमझाला पुन्हा कोर्टात उभं करणार होते. बानूला ठाण्यावर नेलं समर्थने, स्वतःच्या बुलेटवरून. दोघा पोरांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच रंगाच्या गाड्या घेतल्या होत्या. समर्थची मात्र दुकानातून आली तशीच होती, मुकी आणि शहाणी.

समर्थ म्हणजे वरच्या वाडीतल्या तुळसाचा मुलगा. तो जन्मला तेव्हा तुळसा तापाने फणफणलेली, अंगावर दूध नाही. हमझा तेव्हा बानूच्या पदराखाली होता. बानूने समर्थलाही त्याच पदराखाली घेऊन पाजलं. मौलवी म्हणाले, हे आता दूधभाऊ झाले, सख्ख्यासारखे. तुळसाच्या सासूने कपाळाला आठ्या घातल्या, पण नातवाचं रडं थांबलं तशा त्याही गेल्या. तेव्हापासून समर्थ तिला बानूमा म्हणायचा.

"तू आत येणस नाय?" ठाण्याच्या दारात बानूने विचारलं.

"नको गो बानूमा. मी हयच रवतंय." तो खाली बघत म्हणाला. बारा महिने चड्डीवर हिंडणारा पोरगा आज लांब पँट घालून आला होता. ठाण्यावर यायचं म्हणून असेल, असं बानूला वाटलं.

हमझा गजांच्या आड बसला होता. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे खोल गेलेले.

"तू होतस काय थंय? एकदाच सांग माका," बानूने गज धरले.

"नाय, मा."

"मगे कोण होतो? तुझी गाडी कोणी नेल्यान? बोल रे बाबा, तुझ्या पायां पडतंय!"

हमझाने मान फिरवली. भिंतीकडे बघत त्याने भलतंच विचारलं, "समर्थ येता काय गो तुझ्याकडे? त्याका सांग, माझी काळजी करू नको."

बानू फौजदारबाईंच्या टेबलापुढे उभी राहिली. इथे तिने आपलं शाळेतलं मराठी काढलं. "मॅडम, माझा मुलगा त्या दिवशी खारेपाटणला गेला होता. मुलगी मागायला. असा दिवस कोणी भांडण करतं काय? तो परत आला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. मागे बघते तर दारात उभा. मी केवढी दचकले! म्हटलं, भुतासारखा कधी आलास?"

तेजस्वीबाईंनी पेन खाली ठेवलं. बाई वाईट नव्हती, पण डोक्याने चालणारी होती. "बानूबाई, तुम्हीच विचार करा. ज्या गाडीच्या आवाजावर तुम्ही तवा ठेवता, ती गाडी दारात येऊन थांबली आणि तुम्हाला ऐकू आली नाही? त्याने दाजींना पाडलं, घाबरला, इंजिन बंद केलं आणि गाडी गुपचूप अंगणात आणली. तुम्ही सांगता ते त्याच्या बाजूचं नाही, विरुद्ध आहे."

बानूच्या तोंडचं पाणी पळालं. तोंड उघडावं आणि पोराच्या गळ्यातली दोरी आणखी आवळावी, असं तिचं चाललं होतं. परतताना ती पाणंदीच्या तोंडाशीच समर्थच्या गाडीवरून उतरली आणि घराकडे चालू लागली. सगळी पाणंद समुद्राच्या पुळणीची. पाय घोट्यापर्यंत रुतत होते.

ती मधेच थांबली. ह्या पुळणीतून बंद पडलेली बुलेट एकटा माणूस ढकलत आणणार? गेल्या पावसाळ्यात गाडी बिघडली तेव्हा चार जण लागले होते आणि चौघेही घामाघूम झाले होते. नाही. हमझा आला तो इंजिन चालू ठेवूनच आला होता.

मग तिला ऐकू कसं आलं नाही?

३

दाजींच्या माडांच्या बागेत त्यांचा पुतण्या मंगेश टेप घेऊन जमीन मोजत होता. चुलत्याचं दहावं व्हायचं होतं अजून. बागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या हे त्याचं जुनं वेड, आणि दाजींनी जिवंतपणी त्याला एक चिरा ठेवू दिला नव्हता. बानूच्या मनात पाल चुकचुकली. दाजी पडले तेव्हा सगळ्यांत आधी धावला तो हाच.

"तुझ्या बऱ्यावरच पडला सगळा," ती दगडी गडग्यापलीकडून म्हणाली.

मंगेशने टेप गुंडाळली. "बानूवयनी, तुझो झील आत आसा म्हणान ऐकान घेतंय. मी विहिरीर होतंय. थंयसून वळान दिसणा नाय, नायतर तेव्हाच धावलंय असतंय. काका दूध काढूक बसले होते. तो आवाज इलो, म्हशीन पान्हो चोरल्यान, काकांचा टाळक्या फिरला. काठी घेतली आणि 'आज त्याका सोडणंय नाय' म्हणत गेले."

"आणि मगे?"

"मगे काय, काका वरडले, 'हमझा, थांब!' ब्रेक लागलो, बार निघाले, आणि गाडी निघान गेली. मिनिटभर माका वाटला, काका परत येतत. इले नाय म्हणान बघूक गेलंय." टेपची गुंडाळी तो बोटांनी पुन्हा आवळू लागला. त्या मिनिटाचं ओझं त्याच्याही डोक्यावर होतं हे बानूला दिसलं, आणि तिचा संशय अर्धा उतरला.

"निघान गेली ती खंय? माझ्या घराकडे?"

"छ्या. वर चढली. काजीच्या बागेतल्या रस्त्यान. वर जावन आवाज विरलो."

बानूलाही आता आठवलं. आवाज वळणावर आला, बार झाले, तिने तवा ठेवला. तवा तापला, तापून धूर सोडू लागला, तरी पोराचा पत्ता नाही. तिने कंटाळून तवा उतरवला, पुन्हा ठेवला, दुसऱ्या भाकऱ्या लावल्या, तेव्हा कुठे तो दारात उगवला. आवाजाची गाडी वर गेली होती, आणि हमझा खालून, नि:शब्द, आला होता. एकाच गाडीच्या ह्या दोन वाटा काही केल्या जुळत नव्हत्या.

"तू त्याका बघलस काय रे डोळ्यांनी?"

"बघूक कित्याक होया? सगळो गाव वळाखता तो आवाज," मंगेश म्हणाला.

४

ओमकारचं गॅरेज वरच्या रस्त्याला. दाजींनी तक्रार केली म्हणून पोलिसांनी त्याचे सगळे कापलेले सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडले होते. तो राग त्याने लपवला नाही.

"म्हातारो गेलो त्याचा माका दुख्ख नाय, खोटा कित्याक बोलू?" चड्डीवर उकिडवा बसून तो चेन धूत होता. "पण मी मारूक नाय त्याका."

"तूच दुसरो तसलो सायलेन्सर बनवन कोणाक दिलस नाय मां?" बानूने थेट विचारलं. रात्रभर तिला हीच एक आशा होती. आवाज तसलाच, पण सायलेन्सर दुसरा. तसं झालं असेल तर हमझा सुटला.

ओमकार उठला, हात पुसले, आणि तिची आशा एका वाक्यात मोडून टाकली. "तसलो दुसरो होवचोच नाय. हमझाचो जोडताना माझो हात चुकलो, कडेक चीर रवली. ते बार त्या चिरीतसून येतत. मी परत जोडून देतंय म्हटलंय, तर तो म्हणता, रवांदे, मस्त वाजता. दुसऱ्या खंयच्याच गाडयेक ते बार नाय. वळणार बार झाले असतीत, तर सायलेन्सर तोच."

बानू तिथल्या टायरवरच बसली. तिला रडू फुटलं, आणि आवरायचं त्राण नव्हतं. ओमकारने पाण्याचा तांब्या आणून दिला. काय बोलावं न सुचून तो आपल्या पायाकडे बोट दाखवत म्हणाला, "लय खाष्ट सायलेन्सर तो. वरचो पत्रो मी काढून टाकलंय ना, जो पयल्यांदा चालवीत त्याका डाग देता. ह्यो बघ माझो."

त्याच्या उजव्या पोटरीवर जुना, पांढरा पडलेला चट्टा होता. तसाच हमझाच्या पायावर होता; ती जखम बानूनेच महिनाभर धुतली होती.

पाणी पिता पिता बानूने विचारलं, फक्त विचारायचं म्हणून, "तो काढूक लय वेळ लागता काय?"

"खंय! दोन नट आणि एक बोल्ट. पान्यान कोणय काढीत. पण लावचो खंय? माझ्या स्कूटरीक बसाचो नाय. तसलीच बुलेट होयी."

५

बानूने खारेपाटणच्या हाफिजभाईंना फोन लावला. हमझा जिला मागायला गेला होता त्या इफ्राचे वडील, कापडाचं जुनं दुकान, शब्दाचे पक्के. त्यांनी पूर्वी एकदा बाजारात हमझाची गाडी ऐकली होती आणि निरोप पाठवला होता, फटफटीवाल्याच्या घरात माझी मुलगी देणार नाही. तरी हमझा गेला होता. आता पोरगा कोठडीत म्हटल्यावर सोयरीक तुटल्यातच जमा, पण तिला निदान त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बानूबाय, माका वायट वाटता," हाफिजभाई म्हणाले. "पोरगो माका आवडलो होतो. किती अदबीन इलो! मी ओटयेर पेपर वाचत बसललंय, समोर येवन सलाम केल्यान तेव्हा कळला. गाडी दारात लावल्यान तरी माका पत्तो नाय. मी इफ्राक म्हटलंय पण, ह्यो तो फटफटीवालो न्हयच."

"काय म्हटलात?" बानू ओरडलीच.

"मी दचकलंय गो चक्क."

फोन कधी ठेवला ते बानूला कळलं नाही. तीही दचकली होती. खारेपाटणात एक माणूस दचकला आणि आडबंदरात ती स्वतः, आणि दोन्ही वेळा गाडी चालू होती. आवाज लपवलेला नव्हता, आवाज नव्हताच. त्या दिवशी हमझाच्या गाडीला तो सायलेन्सर नव्हता. मोठ्या आवाजाची वाट बघणाऱ्या तिच्या कानांना लहान आवाज ऐकूच आला नव्हता.

सासऱ्यापुढे शहाणं दिसायचं म्हणून पोराने साधा सायलेन्सर मागून आणला होता. स्वतःचा तर कापलेला. मग दिला कोणी? तसलीच बुलेट असलेल्याने. आणि ज्याने आपला काढून दिला, त्याची गाडी दिवसभर काय उघडी हिंडणार? हमझाचा त्याच्या गाडीला लागला असणार. दाजींना उचलून नेल्यावर हमझा म्हणाला होता, "मी जावन येतंय," आणि परत आला तेव्हा गाडी नेहमीसारखी गर्जत आली होती. कुठे जाऊन येतो, तेही त्याने सांगितलं होतं. बानूनेच ते मनातून बाजूला सारलं होतं.

या अल्ला, ती स्वतःशी म्हणाली, माझं चुकलेलं असू दे.

६

तुळसा अंगणात काजूच्या पानांचा केर काढत होती. बानूला बघताच तिने झाडू टाकला आणि तिला मिठी मारली. "सुटात गो तो! देवाक गाऱ्हाणा घातलंय मी. तुझो तो माझो नाय काय?"

बानूला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. ती तुळशीवृंदावनाच्या बाजूला बघत राहिली. तिथल्या डब्यात तुळसाने हौसेने वाढवलेली कोरफड होती. तिचे जाड हात एकेक करून छाटलेले होते, मधला कोंब तेवढा उरलेला.

"कोरफड कोणी खाल्ली गो?"

"समर्थान. उन्हान आंग भाजला म्हणता." तुळसा हसली. "वर्सभर समुद्रार रवणारो, त्याका आताच ऊन बाधला? काय झाला पोराक कोण जाणे. पर्यटकांक पाण्याखाली नेवचो, तो आता पाण्यात उतरणाच नाय. किनाऱ्यार बसान त्यांचे कपडे राखता. जेवणा पण नाय धड. हमझाची काळजी घेतल्यान त्यान."

"काळजीच ती," बानू म्हणाली.

तुळसाने चहा आणून दिला. समोर ती मैत्रीण, जिच्या पोराला तिने आपल्या छातीशी धरलं होतं. एकाला सोडवायचं तर दुसऱ्याला बांधायचं. गप्प बसावं? सोमवार तर दारात आला होता. कप तसाच ठेवून ती उठली तेव्हा तुळसा मागून म्हणाली, "बानू, काय झाला? माझा काय चुकला?"

बानूने मान हलवली आणि चालू लागली.

७

तारकर्लीला दुपारची भरती लागत होती. समर्थ सुरूच्या सावलीत पर्यटकांच्या बॅगांजवळ बसला होता, लांब पँटीत. बानू त्याच्या समोर उभी राहिली.

"चल, माका पाण्यात ने."

"आता? बानूमा, तुका पाण्याची भीती वाटता..."

"म्हणानच तुका सांगतंय. हात धर."

तो उठला. लहानपणापासून तिचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. दोघे ओल्या वाळूवर आले. पहिली लाट घोट्यांवरून गेली. दुसरी गुडघ्यापर्यंत चढली, पँट भिजून उजव्या पोटरीला चिकटली, आणि समर्थने दात ओठात रुतवले. तिच्या हातातला त्याचा हात आवळत गेला. तो ओरडला नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं.

"खाऱ्या पाण्यान झोंबता मां?" बानू म्हणाली. "हमझाचो पाय मी धुतलंय रे. ठावक आसा माका."

समर्थ पाण्यातच खाली बसला.

सांगायला लागला तेव्हा थांबेना. तुळसाच्या घरी कोणाला कळू नये म्हणून सकाळी काजूच्या बागेतल्या मांगरात, शेतघरात, दोघांनी सायलेन्सर बदलले होते. संध्याकाळी तिथेच परत बदलायचं ठरलं होतं. समर्थला दिवसभर मजा वाटली, सगळा गाव हमझा म्हणून वळून बघत होता. घाटीवरून खाली आला, वळणावर दाजी काठी घेऊन मधोमध. ब्रेक मारला, गाडी घसरली, पाय नळकांड्याला चिकटला. दाजी मागे सरले.

"ते पडले ता माका दिसला नाय. आईशप्पत! दिसले नाय म्हणान वाटला, बाजूक झाले. त्यांनी 'हमझा' म्हणान हाक मारली, बानूमा. माका वळाखल्यांनी नाय ह्याचाच माका बरा वाटला. मी पळालंय."

"आणि हमझा?"

"त्याका मांगरात सगळा सांगलंय. तो म्हणालो, दाजी बरे झाले की आपण दोघांय जावन पायां पडया. तवसर गप रव. मगे दाजी..." त्याचा हुंदका लाटेत बुडाला. "मी ठाण्याच्या दारापर्यंत येतंय. आत पावल पडणा नाय. तो माझा नाव सांगणा नाय आणि माझ्या तोंडातसून निघणा नाय. तू सांगतलस काय?"

बानूचा राग आत्तापर्यंत गळ्याशी आला होता. एक सणसणीत थोबाडीत द्यावी असं वाटत होतं, आणि तिने ती दिलीही. मग त्याच गालावर तिने ओला हात ठेवला.

"मी सांगलंय तर पोलीस तुका धरून नेतले. तू सांगलस तर तू चलत जाशीत. एवढाच माझ्या हातात आसा."

पर्यटकांची एक बोट किनाऱ्याला लागली, माणसं हसत उतरली, आपापल्या बॅगा घेऊन गेली. मग समर्थ उठला. पँटीचा पाय त्याने गुडघ्यापर्यंत दुमडला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

८

फौजदारबाईंनी समर्थचं सगळं लिहून घेतलं, पोटरी बघितली, ओमकारला आणि मंगेशला बोलावलं, हाफिजभाईंना स्वतः फोन केला. मांगरातल्या सारवणावर नळकांड्याची काजळी आणि सायलेन्सरचा एक पडलेला नट सापडला. शेवटी त्यांनी बानूला आत घेतलं आणि तिचा जुना जबाब पुढे ठेवला.

"बानूबाई, हा बदलावा लागेल. तुम्ही म्हणालात, 'माझ्या मुलाचीच गाडी गेली.' ते चुकलं होतं, असं लिहू ना?"

बाहेरच्या बाकावर समर्थ बसला होता. त्याच्या शेजारी, आत्ताच सोडलेला हमझा. हमझाने घरी जायची घाई केली नव्हती. त्याचा हात समर्थच्या खांद्यावर होता.

"नाही मॅडम," बानूने शुद्ध मराठीत सुरुवात केली, पण भाषा आपल्या घरी परतली. "चुकला नाय ता. माझ्या झिलाचीच गाडी गेली. तसांच रवांदे. माका दोन झील आसत, असा खाली लिवा."

तेजस्वीबाईंनी पेन उचललं आणि लिहिलं.

त्या संध्याकाळी मगरीबनंतर बानू चुलीपाशी बसली. रस्ता शांत होता. हमझाने अंगणात गाडी आणलीच नव्हती, ती ठाण्यावरच होती, आणि समर्थही. तो भिंतीला टेकून बसला होता, जेवायला उठत नव्हता. दाराशी पावलं वाजली. तुळसा उभी होती, केस सुटलेले, रडून डोळे सुजलेले. शिव्या द्यायला आली असेल तर बानू त्या ऐकणार होती. एक शब्द उलट बोलणार नव्हती.

तुळसा उंबऱ्यावर बसली.

"थंय त्याका जेवाण देतत काय गो?" तिने विचारलं.

बानूने तवा ठेवला, आणि पहिली भाकरी समर्थच्या डब्यासाठी बाजूला काढली.